बंद राहण्याचे काम

मोटारीच्या इंजिनात वंगणाचे तेल ओतण्यासाठी वरच्या बाजूला एक तोंड ठेवलेले असते. ते बंद करणारे, हाताने फिरवायचे झाकण म्हणजे ऑइल कॅप. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर हातात न घेता मालकाने स्वतः उघडावेत असे इंजिनाचे भाग मोजकेच असतात, आणि हे त्यांपैकी एक. हे झाकण काही फिरवत नाही, ढकलत नाही, जाळत नाही. बंद राहणे एवढेच त्याचे काम. असे काम नीट चालू असते तोवर त्याकडे कोणी बघत नाही आणि बिघडले की ते झाकण सोडून भलतीकडेच शोधले जाते. म्हणून या झाकणाची निगा हा दुरुस्तीपेक्षा सवयींचा विषय आहे.

भारतीय रस्त्यांवरच्या व्हॅनमध्ये या झाकणाची जागाही न्यारी. मारुतीने 1984 मध्ये बाजारात आणलेली व्हॅन 1988 पासून ओम्नी या नावाने विकली गेली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन पुढच्या सीटांखाली बसवलेले होते. 2010 मध्ये आलेल्या ईकोचे इंजिन मोठे झाले, जागा तीच राहिली. त्यामुळे शाळेची मुले नेणारी व्हॅन असो, गावातली रुग्णवाहिका असो की पहाटे दुकानोदुकानी पाव पोचवणारी, तिचे ऑइल बघायचे तर आधी माणसे उतरवायची, सामान हलवायचे आणि मग सीट उलटवायचे. एवढा खटाटोप असल्यामुळे ऑइल बघणे हमखास उद्यावर जाते. याच रचनेचा एक फायदाही आहे. चालक आणि इंजिन यांच्यात सीट आणि पत्रा एवढाच आडपडदा असल्याने गरम लोखंडावर तेल जळू लागले की त्याचा वास थेट आत येतो. बॉनेटवाल्या गाडीत जी गोष्ट पुढच्या सर्व्हिसिंगला कळते, ती व्हॅनच्या चालकाला दुसऱ्या सिग्नललाच कळू शकते, फक्त त्याने त्या वासाची सवय करून घेतलेली नसावी.

झाकणाचे मोल कळायला तेलाचा इंजिनातला मार्ग बघावा लागतो. वरून ओतलेले तेल हेडमधल्या भोकांतून खाली उतरते आणि तळाच्या चेंबरमध्ये साठते. इंजिन सुरू झाले की पंप ते जाळीतून ओढून घेतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांकडे व वर कॅमशाफ्टकडे पाठवतो. काम झाले की तेल आपल्या वजनाने पुन्हा चेंबरमध्ये येते. ओम्नीसारख्या छोट्या इंजिनात हे सगळे तेल तीन लिटरच्या आसपास असते, म्हणजे एक लिटर कमी झाले तर एक तृतीयांश गेले. क्रँकशाफ्ट मिनिटाला तीन हजार फेरे घेत असताना कॅमशाफ्ट दीड हजार घेतो, आणि त्याच्या व रॉकरच्या अंगावरून उडालेले थेंब टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूवर सतत आपटत राहतात. तेल ओतण्याचे तोंड याच कव्हरवर असते. ते उघडे राहिले तर थेंब बाहेर पडतात आणि शेजारच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर जातात. तिथे आधी धूर होतो, आणि वेळ आली तर आगही लागते.

बैलगाडीच्या आसाला वंगण कमी पडले की चाक कुरकुरते आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. मोटारीचे इंजिन असे आधी सांगत नाही. कानावर खडखड येते तेव्हा बेअरिंग बहुधा गेलेले असते. समोरचा तेलाच्या बुधलीचा लाल दिवाही फसवा, कारण तो तेल किती उरले हे सांगत नाही, तेलाचा दाब पडला एवढेच सांगतो. चेंबरमधली पातळी इतकी खाली गेली की पंप तेलाऐवजी हवा ओढू लागला, तेव्हा तो पेटतो. झाकणाच्या कडेने महिनोन्‌महिने झिरपणारे तेल या दिव्याच्या हिशेबात येतच नाही.

तेल बाहेर येऊ न देणे हे झाकणाचे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे हवेशी आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते तेव्हा वायूचा थोडा अंश पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरकडे निसटतो. इंजिन नवे असले तरी हे होतेच. जुने झाले की जास्त होते. या वायूत पाण्याची वाफ, अर्धवट जळलेले इंधन आणि आम्ले असतात. त्याला बाहेर जायला वाट दिली नाही तर आतला दाब वाढून जिथे पॅकिंग कच्चे असेल तिथून तेल फुटते. जुन्या मोटारींत ही वाट सरळ बाहेर होती. ऑइल कॅपच्या पोटात तारेची जाळी भरलेली असे, तिच्यातून ताजी हवा आत जाई आणि आतला वायू एका नळीने गाडीखाली सोडला जाई. बिनबंदोबस्ताच्या मोटारीतून हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा या वाटेने जातो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेत कॅलिफोर्नियासाठी 1961 च्या मॉडेलपासून हा वायू पुन्हा इंजिनाच्या इनटेकमध्ये ओढून जाळणारा व्हॉल्व्ह बसवला जाऊ लागला. त्याला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. दोन वर्षांनी ही पद्धत तिथे देशभर पसरली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली.

त्या बदलाने झाकणाचा स्वभावच बदलला. आधी ते इंजिनाचा श्वास चालू ठेवणारे होते, आता कोंडून धरणारे झाले. पीसीव्ही व्हॉल्व्ह आतून हवा ओढत असताना झाकण सैल राहिले, तर एअर फिल्टरमधून न आलेली हवा आत शिरते. तिच्याबरोबर रस्त्याची धूळ येते. धुळीतले सिलिकाचे कण लोखंडाला चरे पाडतात आणि ते तेलात मिसळून बेअरिंगांपर्यंत पोचतात. शिवाय फिल्टरला वळसा घालून आलेल्या या हवेने एमपीएफआय, म्हणजे संगणकाने मोजून इंधन फवारणाऱ्या, इंजिनाचा इंधनाचा हिशेब चुकतो. आयडलिंगला इंजिन वर-खाली होते, कधी बंद पडते. अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की आधी प्लग बदलले जातात, मग थ्रॉटल बॉडी साफ होते, मग सेन्सरवर संशय जातो. सैल राहिलेले झाकण हाताने घट्ट करून बघण्याची पाळी बऱ्याच खर्चानंतर येते.

ही दोन्ही कामे प्रत्यक्षात झाकणाचे प्लॅस्टिक करत नाही, त्याखालचे रबरी वायसर करते. कुठे ते चपटे असते, कुठे गोल छेदाची ओ-रिंग असते. तेलाला टिकणारे नायट्राइल रबर यासाठी सर्रास वापरतात. जास्त उष्णतेसाठी फ्लुओरोकार्बनचे महाग रबर येते. नायट्राइल शंभर अंशांच्या आसपास वर्षानुवर्षे काम करते, पण त्याचे म्हातारपण ठरलेले आहे. गरम होणे, थंड होणे आणि सतत दाबले जाणे यांनी त्याचा लवचिकपणा जातो. मग दाब काढला तरी ते मूळ जाडीवर येत नाही. छेदात गोल असलेली ओ-रिंग एका बाजूने सपाट झालेली दिसते, चपट्या वायसरवर तोंडाच्या कडेची खोल खाच उमटलेली असते. नखाने दाबून बघितल्यावर नखाची खूण भरून आली तर रबर जिवंत आहे. खूण तशीच राहिली, किंवा वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या, तर ते बदलायला झाले.

एवढ्याशा रबरी कड्याची किंमत यंत्रविद्येने मोठ्या प्रसंगांतूनही मोजली आहे. 5 मे 1983 रोजी मायामीहून नासाऊकडे निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानाच्या तिन्ही इंजिनांतले तेल वाटेत गळून गेले. तेलातला धातूचा कीस पकडणारे छोटे शोधक आदल्या रात्री बदलताना त्यांवर ओ-रिंगा बसवायच्या राहिल्या होत्या. तिन्ही इंजिनांवर तीच चूक झाली, कारण सवय तीच होती. वैमानिकांनी आधी बंद केलेले एक इंजिन पुन्हा सुरू करून विमान मायामीला सुखरूप उतरवले आणि विमानातले 172 जण वाचले. व्हॅनच्या झाकणावर इतके काही अवलंबून नसते. पण झाकण आहे म्हणजे ते बंद आहे, असे धरून चालण्याची चूक दोन्हीकडे सारखीच.

प्रत्यक्ष निगेची सुरुवात उघडण्याच्या आधी होते. व्हॅन सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल खाली उतरते. सीट उलटवल्यावर झाकणाभोवती जे दिसते ते बॉनेटवाल्या गाडीत सहसा दिसत नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये तर तिथे चुरमुरे, पेन्सिलीचे छिलके, गोळ्यांचे कागद आणि चपलांनी आणलेली वाळू यांचा थर तेलाच्या ओशटपणात बसलेला असतो. झाकण तसेच फिरवले तर त्याच्या कडेची वाळू थेट कॅमशाफ्टवर पडते. म्हणून आधी सुक्या फडक्याने झाकण आणि त्याभोवतीची हातभर जागा पुसावी, आणि मगच ते डावीकडे फिरवावे. सुटे धागे निघणारे कॉटन वेस्ट इथे चालत नाही, कारण तोंडात गेलेला धागा शेवटी पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

काही झाकणे पाव फेऱ्यात सुटतात, काहींना पुरते आटे असतात. झाकण घट्ट बसले असेल तर रबरी हातमोजा किंवा जाड फडके घालून पकड घ्यावी. पक्कड लावली की प्लॅस्टिकच्या कडा तुटतात आणि पुढच्या वेळी हाताला धरायला काही उरत नाही. इंजिन थंड झाल्यावर तेच झाकण बहुधा निमूट सुटते. रेडिएटरच्या झाकणाशी याची गल्लत करू नये. गरम रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते आणि ते झाकण उघडताच अंगावर येते. ऑइल कॅपखाली असा दाब नसतो, तरी गरम तेलाचे थेंब भाजतातच.

उघडलेले झाकण ठेवायचे कुठे, हा किरकोळ वाटणारा प्रश्न निगेच्या मधोमध आहे. इंजिनावर, बॅटरीवर किंवा चॅसिसच्या खोबणीत ठेवलेले झाकण विसरले जाते आणि पहिल्याच खड्ड्यात रस्त्यावर पडते. चांगले मेकॅनिक ते स्टिअरिंगसमोर, मीटरच्या काचेपुढे ठेवतात, नाहीतर गाडीची किल्लीच झाकणापाशी ठेवतात. झाकण हातात घेतल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये, अशी ती तजवीज असते. स्मरणशक्तीवर भरवसा ठेवण्यापेक्षा विसरायला जागाच न ठेवणे हा कारागिरीतला जुना शहाणपणा आहे.

तेल ओततानाही काही गोष्टी पाळायच्या असतात. बऱ्याच झाकणांवर कोणते तेल घालावे ते लिहिलेले असते, उदाहरणार्थ 5डब्ल्यू-30. तेलांची दाटपणानुसार वर्गवारी एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने 1911 मध्ये सुरू केली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा आकडा 100 अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा सांगतो. झाकण दुसऱ्या गाडीचे बसवलेले असेल तर त्यावरचा आकडाही दुसऱ्या गाडीचा असतो, म्हणून गाडीची पुस्तिका अखेरचा आधार. तेलाच्या नव्या डब्याच्या तोंडावरचे ॲल्युमिनियमचे सील अर्धवट फाडून ओतले, तर त्याचा लोंबता तुकडा तेलाबरोबर आत जातो. ते सील पूर्ण काढून खिशात घालावे. नरसाळे आतून पुसलेले असावे, कारण कालपर्यंत ते कुलंट किंवा डिझेल ओतायला वापरलेले असू शकते. तेल खाली उतरायला वेळ लागतो आणि आतली हवा त्याच तोंडाने वर येते, त्यामुळे घाई केली की तोंडाशी गुळणी होऊन तेल कव्हरवर सांडते. थोडे ओतावे, थांबावे, तेलाची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) बघावी. पट्टीवरच्या वरच्या खुणेपलीकडे तेल गेले तर तेही वाईट. फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

झाकण हातात असताना ते उलटे करून बघावे. मालकाला न खोलता वाचता येणारे इंजिनाचे एवढेच पान. निरोगी इंजिनाच्या झाकणाखाली तेलाचा पातळ, तपकिरी, स्वच्छ थर असतो. जाड काळा डांबरासारखा थर जमलेला असेल तर ऑइल बदलण्याच्या तारखा बऱ्याच चुकल्या आहेत. पेट्रोलचा उग्र वास आला तर इंधन तेलात उतरते आहे, म्हणजे तेल पातळ होते आहे. थेंबात चांदीसारखी चमक दिसली तर कुठेतरी धातू झिजतो आहे आणि ती गाडी त्याच दिवशी जाणत्या हाताला दाखवावी. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नये. डिझेल इंजिनात नवे तेल काही दिवसांतच काळे होते आणि त्यात वावगे काही नसते. उलट सीएनजीवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये काजळी कमी असल्याने तेल मुदत संपली तरी सोनेरी दिसते, आणि अजून चांगले आहे म्हणून वापरले जाते. तेल बदलायचे ते किलोमीटर आणि महिन्यांच्या हिशेबाने.

सगळ्यात जास्त धास्ती घेतली जाते ती झाकणाखालच्या पांढुरक्या, ताकाच्या लोण्यासारख्या थराची. हे पाणी आणि तेल यांचे घुसळण असते. पाणी आले कुठून, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे पहिले उत्तर इंधनातच आहे. पेट्रोलमधला हायड्रोजन जळून पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. सीएनजीमध्ये हायड्रोजनचे प्रमाण अधिक असल्याने एक किलो वायूतून सव्वादोन किलोच्या आसपास पाणी निघते. यातले बहुतेक सायलेन्सरमधून जाते, पण रिंगांवरून निसटलेल्या वायूबरोबर थोडे चेंबरमध्ये येते. इंजिन चांगले तापले तर ते पुन्हा वाफ होऊन पीसीव्हीच्या वाटेने निघून जाते. तापले नाही तर सगळ्यात थंड जागी साचते. इंजिनाच्या गाभ्यापासून लांब, वाऱ्यावर असलेले झाकण ही ती जागा.

म्हणून हा थर आजाराचा असतो तसा दिनक्रमाचाही असतो. नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या थंडीत शाळेची व्हॅन सकाळी दोन-तीन किलोमीटर चालते, दाराशी थांबते, पुन्हा चालते आणि शाळेपाशी बंद होते. तेल शंभर अंशांजवळ पोचतच नाही. अशा व्हॅनच्या झाकणाखाली डिसेंबर-जानेवारीत आणि भर पावसाळ्यात पांढरा थर दिसला तर लगेच इंजिन खोलायला निघू नये. थर पुसून काढावा आणि व्हॅन एकदा हमरस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. पुढच्या काही दिवसांत थर आला नाही, किंवा तसाच छोट्या फेऱ्यांनंतर थोडासा आला, तर ते नेहमीचे घामेजणे. अशा गाडीचे ऑइल मात्र किलोमीटर भरायच्या आधीच बदललेले बरे, कारण आम्ल आणि पाणी त्यात मुरत असते.

खरा आजार वेगळा ओळखू येतो. हेड गॅस्केट गेले असेल तर कुलंटचे पाणी तेलात उतरते. मग फक्त झाकणच नव्हे, पट्टीवरचे तेलही दुधाळ दिसते, चेंबरमधली पातळी न ओतता वाढते, कुलंटची बाटली पुन्हा पुन्हा रिकामी होते, इंजिन तापते आणि गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तरी गाडी चालवू नये, टो करून न्यावी. झाकण इथे पहिली शंका उपस्थित करते, निकाल देत नाही. निकालासाठी बाकीचे साक्षीदार तपासावे लागतात, आणि एकट्या झाकणाच्या साक्षीवर हजारोंची कामे निघाल्याची उदाहरणे गॅरेजांच्या जगात कमी नाहीत.

झाकणाने करायची आणखी एक जुनी परीक्षा आहे. इंजिन आयडलिंगला असताना झाकण सैल करून तोंडावर नुसते ठेवायचे. ते जागच्या जागी हलकेच थरथरले तर ठीक. आतून फुसफुस वायू येऊन ते उडी मारू लागले आणि तोंडातून निळसर धूर दिसला, तर पिस्टन रिंगा थकल्या आहेत किंवा पीसीव्हीची वाट चिकट्याने बुजली आहे. त्यात आधी वाट साफ करून बघावी, कारण ते स्वस्त आहे. बोअर करण्याचा विचार त्यानंतर. उलट झाकण जोराने आत ओढले जात असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. एमपीएफआय गाडीत झाकण उघडल्यावर इंजिनाचा सूर बदलतोच, तो दोष नव्हे. ही परीक्षा करताना बाह्या, ओढणी, उपरणे पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावे आणि तोंडावर चेहरा आणू नये.

बंद करणे हे उघडण्याइतकेच विचाराने करायचे. झाकणाची खालची बाजू आणि तोंडाची कड पुसावी. रबर खोबणीत सरळ बसले आहे का ते बघावे, कारण पिळलेली ओ-रिंग पहिल्याच दिवशी गळते. रबरावर बोटाने स्वच्छ तेलाचा हलका हात फिरवला तर ते घासत नाही. मग झाकण सरळ बसवून हातानेच फिरवायचे. पाव फेऱ्याच्या झाकणात शेवटी अडकल्याची खूण हाताला कळते. आट्याच्या झाकणात रबर टेकल्यावर थोडा जोर पुरतो. जास्त आवळल्याने झाकण जास्त बंद होत नाही. रबर चेपते, प्लॅस्टिकला तडा जातो आणि पुढच्या वेळी उघडताना पक्कड निघते. ओशट हाताने फिरवलेले झाकण मात्र घट्ट वाटूनही सैल राहते, म्हणून शेवटचा फेरा पुसलेल्या हाताने द्यावा.

एवढे करूनही झाकणाभोवती तेल दिसले, तर गळती झाकणाचीच आहे का ते आधी ठरवावे. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आलेले तेल कंपनांनी आणि वाऱ्याने सगळीकडे पसरते आणि झाकणाच्या माथी दोष जातो. सगळा भाग कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी थोडी चालवून बघावी. पावडरीत ओली रेघ जिथून सुरू होते ती गळतीची जागा. रेघ झाकणाच्या कडेला असेल तर वायसर बदलायचे. ते सुटे मिळाले तर उत्तम, नाहीतर पूर्ण झाकण घ्यावे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टच्या दुकानांत ते सहज मिळते, पण नुसते व्हॅनचे झाकण म्हणून मागू नये. मॉडेल, साल आणि इंजिन सांगावे, जुने झाकण सोबत न्यावे, आणि दोघांच्या पोटातली जिभांची ठेवण व रबराची जाडी ताडून घ्यावी. जवळपास बसणारे झाकण हे न बसणाऱ्यापेक्षा धोक्याचे, कारण ते बंद झाल्याचा भास होतो.

गळणाऱ्या झाकणाला सिलिकॉनची ट्यूब लावून चिकटवण्याचा उपाय सर्रास होतो. त्याने गळती थांबतेही. पण पुढच्या वेळी उघडताना त्या सिलिकॉनचे तुकडे आत पडतात, पंपाच्या जाळीवर साचतात आणि तेलाचा दाब कमी करतात. काही रुपयांचे वायसर वाचवून इंजिन पणाला लावण्याचा हा व्यवहार आहे. नवे झाकण आणि नवे रबर बसवूनही तेल येतच राहिले, तर झाकण निर्दोष आहे आणि आतला दाब वाढला आहे असे समजून पीसीव्ही आणि रिंगांकडे वळावे.

झाकण वाटेत पडून गेलेच तर पहिले काम गाडी थांबवण्याचे. तोंडात फडक्याचा बोळा कोंबू नये. तो आत ओढला जाऊ शकतो, तेलाने भिजतो आणि मॅनिफोल्डजवळ पेट घेऊ शकतो. पट्टीवर तेल बघावे, सांडलेले पुसावे, कोणाला तरी झाकण आणायला पाठवावे आणि तोवर तोंड स्वच्छ कापडाने वरून झाकून ठेवावे. इंजिन या काळात बंद असायला हवे. नवे झाकण बसल्यावर कमी झालेले तेल भरावे. ज्यांची व्हॅन रोज गावाबाहेर जाते त्यांनी एक जादा झाकण डॅशबोर्डच्या खणात ठेवलेले परवडते.

निगेचे वेळापत्रक यापेक्षा मोठे नाही. आठवड्यातून एकदा सीट उलटवून पट्टी बघावी आणि त्याच वेळी झाकणाला हात लावून ते घट्ट आहे ना ते पाहावे. उगाच उघडू नये. दर ऑइल बदलताना झाकण केरोसिनने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे, रबराची नखाने परीक्षा घ्यावी आणि शंका आली तर बदलावे. पेट्रोल आणि थिनर रबराला मानवत नाहीत. वॉशिंगला गाडी दिली की इंजिनावर पाण्याचा जोराचा झोत सीटखालून मारू देऊ नये, आणि मारलाच तर नंतर झाकणाखाली पाणी गेले का ते बघावे. काढलेले जुने तेल गटारात किंवा अंगणातल्या धुळीवर ओतू नये. 2016 च्या घातक कचऱ्यासंबंधीच्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवे. ऑइल बदलून झाले, झाकण बसले, की इंजिन दोन-चार मिनिटे चालवून बंद करावे, झाकणाच्या कडेवरून कोरडे बोट फिरवावे, आणि बोट कोरडेच निघाले तर सीट जागेवर ठेवावे.